यंत्र द्या, पण घातीवर चालणारे द्या

प्रति,
कृषी यांत्रिकीकरणाच्या योजना आखणारे व राबवणारे शासनातील अधिकारी,
तसेच पेरणी यंत्रांचे उत्पादक आणि वितरक यांस

विषय : ओळीत टोकणाऱ्या नव्या पेरणी यंत्रांसाठीचे अनुदान, सुटे भाग आणि सेवा यांबाबत

माननीय महोदय,

सादर नमस्कार.

पेरणी यंत्राचे अनुदान यादीतल्या अखंड नव्या यंत्रालाच मिळेल, हाताशी असलेल्या यंत्राच्या सुधारणेला मिळणार नाही आणि मंजुरी केव्हा येईल हे आज सांगता येणार नाही, असे उत्तर मला यंदा मिळाले. ते कोणत्या कार्यालयात आणि कोणाकडून मिळाले हे मी येथे लिहीत नाही, कारण समोरच्या कर्मचाऱ्याने नियम जसा होता तसाच सांगितला आणि तोही सौजन्याने सांगितला. माझा आक्षेप त्या नियमाला आहे. हा नियम बदलावा यासाठी अर्ज करण्याची सोय कोठेही नसल्याने मी हे पत्र उघडपणे लिहीत आहे. माझ्यासारख्याच अडचणीत असलेल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनीही ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

माझी शेती वेदगंगेच्या काठाला, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या निपाणी तालुक्यात आहे. नदीकडची जमीन मळीची, काळी आणि ओल धरून ठेवणारी, तर वरची माळाची, तांबूस आणि लवकर सुकणारी आहे. खरिपात सोयाबीन आणि मका, मागून शाळू किंवा हरभरा, आणि पाण्याखालच्या तुकड्यात ऊस, असा आमचा फेरा आहे. आमच्या घरात आधी बैलांनी ओढायची पेरणीची कुरी होती आणि तिच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ आई धरीत असे. तिच्या मुठीतून बी इतके सारखे सुटे की उगवलेल्या ओळीत कोठे थांबली आणि कोठे वळली हे कोणालाही ओळखता येत नसे. बैल गेले, चाड्यावर मूठ धरणारी माणसेही गावात फारशी उरली नाहीत, आणि कुरीच्या जागी ट्रॅक्टरमागचे पेरणी यंत्र आले. त्याच्या पेटीतल्या खाचांच्या रुळातून बी धारेने सुटते. एकरी किती किलो बी पडावे हे त्यावर ठरवता येते, पण दोन दाण्यांत किती अंतर पडावे हे ठरवता येत नाही. एक एक दाणा उचलून ठरावीक अंतरावर सोडणारे, चकतीचे किंवा हवेच्या ओढीवर चालणारे यंत्र, ज्याला आमच्याकडे सगळेच प्लांटर म्हणतात, ते घेण्याची गरज म्हणूनच निर्माण झाली आहे. यात हौसेचा भाग नाही.

गरज का, ते आकड्यांतच मांडतो. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर अंतर धरले, तर एकरात सुमारे १ लाख ८० हजार झाडे बसतात. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरल्यास तेवढ्या झाडांना २१ किलोंच्या आसपास बी लागते. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी असा दंडक आहे, आणि त्या किमान उगवणीवर हिशोब केला की तेच बी ३० किलोंवर जाते. आज गावोगाव एकरी ३० किलोंची पिशवी रिकामी होते ती या हिशोबाने. घरी उगवणचाचणी घेतली, ती ८५ टक्के आली आणि यंत्र दाणे मोजून टाकणारे असले, तर २५ किलोंत भागते. म्हणजे एकरी पाच किलो बी वाचते. केंद्राने २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला असला, तरी बियाण्याची पिशवी आम्हाला त्याहून कितीतरी चढ्या दराने घ्यावी लागते, हे आपणांस ठाऊक आहे.

मक्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. सोयाबीनच्या ओळीत एखादी जागा मोकळी राहिली तर शेजारचे झाड फांद्या पसरून ती बरीचशी भरून काढते, पण मका फांद्या करीत नाही. ६० बाय २० सेंटिमीटरवर एकरात ३३ हजार ७०० च्या आसपास ताटे बसतात. त्यांतली एक जागा चुकली की त्या जागेचे कणीस गेले, आणि एका जागी दोन दाणे पडले की दोन्ही ताटांची कणसे बारीक राहतात. नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा दाणे टोकले, तरी मागून उगवलेले ताट शेजारच्या सावलीत खुरटते. म्हणून मक्याला दाणा मोजून टाकणारे यंत्र हवे. सोयाबीनला दाण्याच्या मोजणीपेक्षाही खोलीची आणि मातीच्या झाकणीची काळजी घेणारे यंत्र हवे, कारण सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि बी तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली गेले की कोंब वर येताना दमतो. वरून जोराचा पाऊस पडून मातीला पोपडा धरला, तर तो वर येतच नाही.

या दोन पिकांच्या गरजा इतक्या निराळ्या असताना योजनेने दोघांसाठी एकाच प्रकारचे यंत्र पुढे करावे, हे मला पटत नाही. माझ्या तक्रारींचा उगम तेथेच आहे.

पहिली तक्रार वेळेची. खरिपाची पेरणी कागदावर जून-जुलै अशी लिहिली जाते, पण प्रत्यक्षात ती मोजक्या दिवसांत होते. धूळवाफ भात करणारे खानापूर-बेळगावकडचे शेतकरी रोहिणीतच कुरी धरतात. आम्ही सोयाबीनवाले मिरगाच्या पावसाकडे डोळे लावून बसतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरती भिजावी आणि मग वाफसा यावा, अशी शिफारस आहे. ती घात, म्हणजे पेरणीजोग्या ओलीची वेळ, काळ्या जमिनीत कधी दोन दिवस टिकते, कधी एकच दिवस. त्या दिवशी यंत्र शेतात नसेल तर ते गावात असून नसल्यासारखे आहे. अनुदानाचे वर्ष मात्र एप्रिलला सुरू होते, निधी त्यानंतर वर्ग होतो, अर्ज त्यानंतर तपासले जातात आणि यादी त्यानंतर लागते. माझ्या ओळखीत यंत्र मंजूर झालेल्यांपैकी ज्यांच्या दारात ते पेरणीपूर्वी आले, असे शेतकरी फार थोडे आहेत. बाकीच्यांची यंत्रे कोळपणीच्या वेळी आली आणि पुढच्या जूनपर्यंत गोठ्याच्या कडेला उभी राहिली. तोवर हमीच्या मुदतीतले बरेच महिने एकही दाणा न टोकता निघून गेले होते.

दुसरी तक्रार सुट्या भागांची आहे आणि तिच्यावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण पेरणी बिघडते ती बहुतेक वेळा येथेच.

चकतीच्या प्लांटरमध्ये बियाण्याच्या पेटीखाली प्लास्टिकची एक गोल चकती फिरते. तिच्या कडेला खाचा असतात, एका खाचेत एक दाणा बसतो, वरचा जादा दाणा ब्रश किंवा पट्टी बाजूला सारते, आणि उरलेला दाणा नळीतून सरीत पडतो. सगळे यंत्र या खाचेच्या मापावर उभे आहे. आमच्याकडे सोयाबीनचे एकच वाण पेरले जात नाही. कोणी जुने जेएस ३३५ पेरतो, कोणी तांबेऱ्याला तग धरणारे धारवाडचे डीएसबी २१ पेरतो, आणि सीमेपलीकडून आलेली फुले संगम, फुले किमया ही वाणेही आता घराघरांत आहेत. या सगळ्यांच्या दाण्याचे माप सारखे नसते, एवढेच काय, एकाच वाणाच्या दोन वर्षांच्या बियाण्यातही फरक पडतो. यंत्राबरोबर मात्र सोयाबीनसाठी म्हणून एकच चकती येते.

परिणाम काय होतो, तो मी गुडघ्यावर बसून पाहिला आहे. टपोरा दाणा खाचेत पुरता बसत नाही, अर्धा वर राहतो, पट्टीखाली आला की चिरतो आणि नळीतून दाण्याऐवजी डाळ पडते. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ते दिसत नाही, कारण सरी लगेच झाकली जाते. पेटीतले बी कमी होत असते, म्हणून पेरणी चालू आहे असेच वाटते. सात-आठ दिवसांनी ओळ उगवते तेव्हा वावभर लांबीत झाड नाही, पुढे चार झाडे, पुन्हा मोकळे, असे चित्र समोर येते. मग दोष बियाण्याच्या माथी जातो आणि बियाणेवाला खोलीवर बोट ठेवतो. तोवर घात गेलेली असते. बारीक दाण्याचे उलटे होते. एका खाचेत दोन दाणे बसतात आणि ओळ दाट उगवते.

योग्य मापाची चकती बदलली की हा सारा प्रश्न सुटतो. ती चकती मिळवण्यासाठी मी ज्या वितरकाकडून यंत्राचे दरपत्रक घेतले त्याच्याकडे विचारणा केली, तेव्हा ती मागणी नोंदवल्यावर कारखान्यातून येईल आणि पेरणीच्या हंगामात किती दिवस लागतील ते सांगता येत नाही, असे मला सांगण्यात आले. महोदय, आपल्या जिल्ह्यात हत्तरगीला विमानांचे सुटे भाग तयार होतात, बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम करणारे कारखाने पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत, आणि पलीकडे कोल्हापूरचे उद्यमनगर तासाभराच्या अंतरावर आहे. अशा ठिकाणी तळहाताएवढ्या चकतीसाठी पेरणी अडावी याला तांत्रिक कारण असूच शकत नाही. कारखानदार आपले आराखडे आणि मापे उघड करीत नाहीत, आणि अनुदान देताना शासन ती अट घालत नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

हेच दुखणे साखळीचे, दातेरी चाकांचे आणि फाळाचे आहे. ऊस काढून सोयाबीन घेतलेल्या रानात पाचट आणि खोडक्या राहतात. बुटासारखा फाळ त्यांत अडकतो, आपल्यापुढे गोळा ओढत नेतो आणि सरी उघडीच राहते. अशा जमिनीला दोन तिरक्या तव्यांचा फाळ हवा, जो पाचट कापून पुढे सरकतो. यादीतल्या स्वस्त यंत्रांना तो नसतो. पुढे हवा असल्यास वेगळा जोडता येईल, अशी सोयही बहुतेकांना नसते.

तिसरी तक्रार एकाच यादीची. कणकुंबीचा मुसळधार पाऊस आणि अथणीकडचा अवर्षणप्रवण पट्टा, दोन्ही याच एका जिल्ह्यात आहेत. खानापूरच्या लाल मातीत भात, बेळगावच्या पश्चिमेला बटाटा आणि रताळी, निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात सोयाबीन, मका आणि ऊस, अशी पिके बदलत जातात. यंत्राची यादी मात्र या कशाकडे पाहत नाही. हवेच्या ओढीवर चालणारा चार ओळींचा प्लांटर फार चांगला आहे. त्याचा पंखा ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, चालतो, त्या ओढीने दाणा चकतीच्या भोकाला चिकटतो आणि ओढ संपते तेथे सुटतो. दाण्याच्या आकाराचा त्याला चकतीच्या खाचेइतका त्रास होत नाही आणि दाणा चिरतही नाही. पण तो वजनाने जड असतो. पंखा आणि उचल या दोन्ही कामांसाठी त्याला मोठा ट्रॅक्टर लागतो, आणि आमच्या उसाच्या पट्ट्यात भरणीसाठी घेतलेले मिनी ट्रॅक्टर भरपूर आहेत, मोठे मात्र मोजके. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातली सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर निघाली होती. त्या शेतकऱ्याला दोन ओळींचे, हलके, मिनी ट्रॅक्टरवर चालणारे आणि बांधाशी आखूड वळणारे चांगले यंत्र हवे आहे. तसे यंत्र मी यादीत शोधले आणि मला सापडले नाही.

काळ्या जमिनीची आणखी एक अडचण सांगतो. बहुतेक साध्या प्लांटरांमध्ये बियाण्याची चकती जमिनीला टेकून फिरणाऱ्या चाकाने फिरते. चिकट ओलीत त्या चाकाला चिखल लपेटतो, त्याचे दात बुजतात आणि ते फिरण्याऐवजी घसरू लागते. चाक घसरले की चकती थांबते आणि चकती थांबली की बी थांबते, पण ट्रॅक्टर पुढे चाललेलाच असतो. परदेशांत आता प्रत्येक ओळीची चकती स्वतंत्र विजेच्या मोटरीने फिरवतात आणि नळीत दाणा पडतो की नाही हे दाखवणारा संवेदक बसवतात, दाणा पडायचा थांबताच चालकापुढच्या पडद्यावर खूण उमटते. तेथले मोठमोठे प्लांटर आम्हाला नकोत, ते आमच्या वाफ्यांत मावणारही नाहीत. पण नळीतला संवेदक आणि चालकापुढे लागणारा एक साधा दिवा ही काही परवडणार नाही अशी गोष्ट नव्हे, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तो सहज चालतो.

आता चौथी तक्रार, जिच्यामुळे मी हे पत्र लिहायला घेतले.

माझ्याकडे जे पेरणी यंत्र आहे त्याची चौकट भक्कम आहे. लोखंडाला काही झालेले नाही, ट्रॅक्टरला जोडायची तीन बिंदूंची जोडणी सरळ आहे, खताची पेटी गंजलेली असली तरी बदलण्यासारखी आहे. त्या चौकटीवर चार नवे टोकण संच बसवले, म्हणजे दर ओळीला स्वतंत्र बियाण्याची पेटी, चकती, तव्याचा फाळ, खोली ठरवणारे चाक आणि मागून माती दाबणारे चाक जोडले, आणि हे संच चौकटीवर वर-खाली हलतील अशा जोडणीने लावले, तर ते यंत्र नव्या प्लांटरचे बहुतेक काम करील. अमेरिकेतले शेतकरीसुद्धा जुन्या चौकटीवर नवी बी-मोजणी बसवून प्लांटर वर्षानुवर्षे वापरतात. त्यांना जे शहाणपणाचे वाटते ते आम्हाला का नाकारावे? केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाला २०१४-१५ मध्ये सुरुवात झाली, आणि त्यातून शेतकऱ्याच्या वर्गानुसार ४० ते ५० टक्के अर्थसाह्य मिळते. ते अर्थसाह्य मला पूर्ण किमतीच्या नव्या यंत्राला मिळू शकते, पण त्याहून कितीतरी कमी किमतीच्या चार संचांना मिळत नाही. म्हणजे शासनाचा पैसा जास्त जातो, माझाही पैसा जास्त जातो आणि एक चांगली चौकट भंगारात जाते. या तिन्ही गोष्टींनी कोणाचे हित होते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

यावर असे सांगितले जाईल की सुट्या संचांची तपासणी कशी करायची. पण तपासणीची व्यवस्था देशात आहे. मध्य प्रदेशात बुदनीला, हरियाणात हिसारला, आंध्रात गार्लदिन्ने येथे आणि आसामात बिश्वनाथ चारियाली येथे शेतीयंत्रांच्या तपासणीच्या केंद्रीय संस्था आहेत. चकतीतून किती जागा रिकाम्या जातात, किती दुबार पडतात आणि किती दाणे चिरतात, हे पाहायचे तर संचाचीच तपासणी व्हावी लागते, चौकटीची नव्हे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने तिरक्या चकतीचा प्लांटर आपल्याच देशातल्या लहान शेतकऱ्यांसाठी विकसित केला. मग त्याच्या सुट्या संचाला मान्यता देणे अशक्य कसे?

शिक्षणाची तक्रार थोडक्यात लिहितो. यंत्र दारात उतरवले जाते, छायाचित्र काढले जाते आणि माणसे निघून जातात. चकती फिरवणारे चाक हाताने दहा फेऱ्या फिरवून नळीखाली किती दाणे पडतात ते मोजायचे, त्यावरून अंतर ठरवायचे, खत बियाण्याला न चिकटता बाजूला आणि खाली पडेल असे फाळ लावायचे, जिवाणू संवर्धन चोळलेले बी सावलीत सुकवूनच पेटीत ओतायचे, नाहीतर ते चकतीत चिकटते, आणि तरीही अडखळले तर थोडी शंखजिऱ्याची पूड मिसळायची, या गोष्टी शेतात उभे राहून कोणीतरी एकदा दाखवल्या पाहिजेत. धारवाडचे कृषी विद्यापीठ आणि आपल्या जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रे आपल्यासाठीच आहेत. तेथल्या तज्ज्ञांना मे महिन्यात होबळीवार, म्हणजे तालुक्याच्या प्रत्येक महसुली विभागात, यंत्र-जुळवणीच्या दिवसांसाठी बोलावले, तर ते येणार नाहीत असे मला वाटत नाही.

यासोबत मराठीतल्या माहितीची मागणी मी करतो, आणि ती कोणत्याही भाषेविरुद्ध नाही. आमच्या पट्ट्यातले कित्येक शेतकरी कन्नड बोलतात आणि समजतात, पण छापील पानावरची तांत्रिक माहिती त्यांना मराठीतच वाचता येते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व देशात पूर्वीच मान्य झालेले आहे, आणि गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याचा अधिकार घटनेच्या कलम ३५० ने दिलेला आहे. फाळाची खोली कशी बांधायची हे सांगणारे दोन पानी पत्रक कन्नडबरोबर मराठीत छापल्याने कोणाचे काही कमी होणार नाही. खत आणि बियाणे यांच्यामधले अंतर चुकले तर मात्र शेतकऱ्याचा हंगाम जातो.

सीमेच्या दोन्ही बाजूंना जमीन असणारी कुटुंबे आमच्याकडे पुष्कळ आहेत. घर निपाणीत आणि रान कागल तालुक्यात, किंवा याच्या उलट. कर्नाटकात शेतकरी नोंदणीचा फ्रुट्स क्रमांक, महाराष्ट्रात शेतकरी ओळखपत्र, इकडे आरटीसी हा जमिनीचा उतारा, तिकडे सातबारा. यंत्र एकच असते आणि पाऊस दोन्हीकडे एकाच दिवशी पडतो. एकाच यंत्रासाठी दोन राज्यांकडून अनुदान मिळावे असे कोणी म्हणत नाही. पण एका राज्याच्या अनुदानाच्या यंत्राने पलीकडच्या आपल्याच रानात पेरले म्हणून चौकशीची भीती राहू नये, एवढे लेखी स्पष्टीकरण दोन्ही बाजूंनी यावे.

किमतीबद्दल एकच गोष्ट लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीयंत्रांवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. एक लाख रुपये मूळ किमतीच्या यंत्रामागे यामुळे सात हजार रुपये वाचायला हवेत. ते माझ्यापर्यंत पोहोचले की नाही हे मला दरपत्रकावरून कळत नाही, कारण त्यात मूळ किंमत, कर आणि जोडसामानाची किंमत वेगवेगळी दाखवलेली नव्हती.

या सर्व बाबींवर माझ्या मागण्या अशा आहेत.

पेरणी यंत्रांच्या अर्जांची छाननी जानेवारीतच सुरू करावी आणि खरिपासाठीची यंत्रे मेअखेरपर्यंत शेतकऱ्याच्या हातात पडतील अशी मुदत नियमात लिहावी. ती पाळली गेली नाही, तर हमीची मुदत पहिल्या पेरणीपासून मोजावी. अनुदानास पात्र प्रत्येक प्लांटरबरोबर सोयाबीन, मका, भुईमूग आणि हरभरा यांच्यासाठी निरनिराळ्या खाचांच्या चकत्यांचा संच द्यावा, सोयाबीनसाठी किमान तीन मापांच्या चकत्या असाव्यात, आणि उत्पादकाने चकती, दातेरी चाके आणि फाळ यांचे आराखडे खात्याकडे जमा करावेत, म्हणजे गरज पडल्यास ते उद्यमबागेतल्या कारागिरांकडून वाजवी दरात करून घेता येतील. यादीत दोन ओळींची, मिनी ट्रॅक्टरवर चालणारी यंत्रे आणि तव्याच्या फाळाची यंत्रे यांचा समावेश करावा. बी पडत नसल्याची सूचना देणारा साधा संवेदक अनुदानाची अट म्हणून लावावा.

सर्वांत महत्त्वाची मागणी ही की, जुन्या भक्कम चौकटीवर नवे टोकण संच बसवण्याच्या खर्चाला नव्या यंत्राइतक्याच टक्क्यांनी अर्थसाह्य मिळावे. हे एका झटक्यात होणार नसेल, तर निपाणी, चिकोडी आणि खानापूर या तीन तालुक्यांत एका खरिपासाठी करून पाहावे. अशा रानांची उगवण पंधराव्या दिवशी खात्याच्याच कर्मचाऱ्यांनी ओळीत काठी टाकून मोजावी, आणि जो आकडा निघेल तो जसा आहे तसा प्रसिद्ध करावा. तो आकडा आमच्याविरुद्ध गेला, तर ही मागणी मी मागे घेईन.

भाड्याने यंत्रे देण्यासाठी होबळी पातळीवर चालणाऱ्या कृषी यंत्रधारे केंद्रांतून निदान एक जुळवलेला प्लांटर, सर्व चकत्यांसह आणि ते चालवण्याचे शिक्षण घेतलेल्या चालकासह, मिरगापूर्वी तयार ठेवावा. ज्यांना यंत्र विकत घेणे कधीच जमणार नाही त्या एक-दोन एकरवाल्यांसाठी तोच एक मार्ग आहे, आणि त्यांची घातही मोठ्या शेतकऱ्याच्या घातीच्याच दिवशी येते. नांगरट आणि रोटर मारण्याची यंत्रे आता गावात खासगी भाड्यानेही मिळतात, पण टोकण यंत्र तसे मिळत नाही.

उत्पादक आणि वितरकांस माझे सांगणे असे की, दरपत्रकात मूळ किंमत, कर आणि प्रत्येक जोडसामानाची किंमत स्वतंत्र लिहावी. मे आणि जून या दोन महिन्यांत निपाणी, चिकोडी आणि बेळगाव येथे सुट्या भागांचा साठा ठेवावा आणि त्या साठ्याची यादी दुकानाबाहेर लावावी. यंत्र विकताना आमच्या रानात, आमच्या बियाण्यावर आणि आमच्याच ट्रॅक्टरमागे ते एक एकर चालवून दाखवावे. काँक्रीटच्या अंगणात चाक फिरवून दाखवलेली पेरणी आम्हाला नको.

या पत्राचे उत्तर मला वैयक्तिकरीत्या मिळावे अशी माझी अपेक्षा नाही. पुढच्या वर्षाच्या मार्गदर्शक सूचना तयार होतील तेव्हा टोकण संचांच्या अर्थसाह्याचा मुद्दा त्यांत घ्यावा. न घेतल्यास त्याचे कारण लेखी आणि कन्नड-मराठी दोन्ही भाषांत जाहीर करावे, म्हणजे पुढचा अर्ज कोणाकडे आणि कशासाठी करायचा हे आम्हाला कळेल. दरम्यान माझ्या यंत्राची चौकट, जुना रूळ आणि उगवलेल्या ओळींची मापे पाहायची असल्यास खात्याच्या किंवा विद्यापीठाच्या कोणत्याही अभियंत्याने रानात यावे. वेदगंगेला पूर नसेल त्या कोणत्याही दिवशी मी यंत्र ट्रॅक्टरला जोडून तयार ठेवीन.

आपला विश्वासू,
वेदगंगाकाठचा एक सोयाबीन उत्पादक शेतकरी
तालुका निपाणी, जिल्हा बेळगाव